एकाच पाण्यात तीन आकडे: ४५ सें.मी., २.८ सें.मी. आणि मोजलेले ६ सें.मी.

प्रश्न – करवीर_भौतिकी

एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी मांडणी अशी आहे. १००० लिटरची गोल प्लॅस्टिकची टाकी, व्यास साधारण १.१ मीटर. मधोमध उभा पीव्हीसी पाइप, भिंत ३ मि.मी. त्यात वेगवान न्यूट्रॉन सोडणारा अमेरिशियम-बेरिलियम स्रोत. स्रोताच्या उंचीवर अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत खाचा पाडून न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होणाऱ्या इंडियमच्या चकत्या बसवल्या आहेत. प्रत्येक अंतरावर एकदा उघडी चकती आणि एकदा कॅडमियमच्या डबीतली, कॅडमियम थर्मल न्यूट्रॉन (टकरा खाऊन पाण्याच्या तापमानाइतके मंद झालेले) अडवतं, म्हणून दोन्हींची वजाबाकी म्हणजे थर्मल न्यूट्रॉनची मोजणी. स्रोत हाताळायचं काम विकिरण सुरक्षा अधिकारीच करतात.

पुस्तकात हायड्रोजनचा शोषणाचा क्रॉस सेक्शन, म्हणजे न्यूट्रॉनसाठी एका अणूचं लक्ष्य किती मोठं, ०.३३२ बार्न दिलाय (१ बार्न = १०⁻²⁴ चौ.सें.मी.). त्यावरून पाण्यात थर्मल न्यूट्रॉन शोषला जाईपर्यंतचं सरासरी अंतर ४५ सें.मी. येतं. त्याच पुस्तकात डिफ्यूजन लेंथ २.८ सें.मी.च्या आसपास आहे. आमच्या मोजणीत, बिंदुस्रोताच्या सूत्राप्रमाणे मोजणीला अंतराने गुणून लॉग काढला, तर १० ते २० सें.मी.मध्ये सरळ रेष मिळते आणि उतारावरून ६ सें.मी. येतात.

नंतर टाकीत २ किलो बोरिक अ‍ॅसिड विरघळवलं. १५ सें.मी.वरची मोजणी जवळजवळ निम्मी झाली, पण उतार फारसा हलला नाही. शोषण वाढलं तर उतार वाढायला हवा ना? तीनपैकी खरा आकडा कोणता, आणि चूक नक्की कुठे आहे?

मंदगती

तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. आधी पहिले दोन घेऊ.

एका घन सेंटीमीटर पाण्यात हायड्रोजनचे ६.६९ × १०²² अणू असतात. त्याला ०.३३२ बार्नने गुणलं की दर सेंटीमीटरला ०.०२२२ येतात, त्याचा व्यस्त ४५ सें.मी. ऑक्सिजन यात जमेला धरायची गरज नाही. त्याचा क्रॉस सेक्शन ०.०००१९ बार्न, म्हणजे पाण्याच्या एका रेणूतल्या शोषणात त्याचा वाटा साडेतीन हजारात एक. पाण्यातलं शोषण म्हणजे प्रोटॉनने न्यूट्रॉन पकडून ड्यूटेरॉन होणं आणि २.२२ एमईव्हीचा गॅमा बाहेर पडणं. बाकी काही नाही म्हटलं तरी चालेल.

हे ४५ सें.मी. म्हणजे न्यूट्रॉनने *चाललेली* एकूण वाट. ती सरळ नसते. २२०० मीटर प्रति सेकंद वेगाच्या न्यूट्रॉनसाठी पाण्याच्या एका रेणूचा विखुरण्याचा क्रॉस सेक्शन १०० बार्नच्या थोडा वर आहे आणि शोषणाचा ०.६६. म्हणून दर ३ मि.मी.ला एक टक्कर, आणि शोषलं जाण्याआधी साधारण १५० टकरा. महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास चालावं आणि अजून जोतिबा रोडच्या तोंडाशीच असावं, तशी गत. पावलं पुष्कळ पडली, जागा फार बदलली नाही.

जिथे थर्मल झाला तिथपासून जिथे शोषला गेला तिथपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर डिफ्यूजन लेंथवरून कळतं. २.८ सें.मी. हे त्या अंतराची सरासरी नव्हे, ही चूक पुष्कळ जण करतात. बिंदुस्रोतासाठी सरासरी अंतर डिफ्यूजन लेंथच्या दुप्पट, ५.६ सें.मी. येतं. अंतराच्या वर्गाची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं तर √६ पट, म्हणजे ६.९ सें.मी. तुमचे ६ सें.मी. या दोन्हींच्या मध्ये पडतात म्हणून ते यातलंच काहीतरी आहेत असं समजू नका. तो योगायोग आहे, कारण तुम्ही सरासरी अंतर नाही, उतार मोजलाय.

वेळेच्या भाषेत हे आणखी स्वच्छ दिसतं. ०.०२२२ ला वेगाने गुणा, व्यस्त काढा: २०४ मायक्रोसेकंद. पाण्यात थर्मल न्यूट्रॉनचं सरासरी आयुष्य इतकं, मग त्याचा वेग थोडा कमी असो की जास्त. कारण हायड्रोजनचं शोषण वेगाच्या व्यस्त प्रमाणात आहे. न्यूट्रॉन जितका हळू, तितका तो प्रत्येक प्रोटॉनच्या शेजारी जास्त वेळ राहतो, आणि हा फायदा वाटेच्या लांबीतल्या तोट्याशी तंतोतंत फिटतो. याची तुलना मंद होण्याच्या वेळेशी करा. काही एमईव्हीपासून थर्मलपर्यंत यायला पाण्यात वीसेक टकरा आणि काही मायक्रोसेकंद पुरतात. म्हणजे न्यूट्रॉन आपल्या आयुष्यातला बहुतेक वेळ थर्मल होऊन भटकण्यात घालवतो, पण *अंतर* मात्र तो वेगवान असतानाच कापून बसलेला असतो. तुमच्या तिसऱ्या आकड्याचं उत्तर इथेच आहे.

बोरॉन_दहा

वरच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे.

बिंदुस्रोताचं ते सूत्र *थर्मल* न्यूट्रॉन सोडणाऱ्या स्रोतासाठी आहे. अमेरिशियम-बेरिलियमचे न्यूट्रॉन सरासरी ४ एमईव्हीच्या वर असतात, शेपूट ११ एमईव्हीपर्यंत जातं. इतक्या ऊर्जेला हायड्रोजनचा क्रॉस सेक्शन एक-दोन बार्नवर आलेला असतो, म्हणून पहिल्या एक-दोन टकरांतच न्यूट्रॉन लांब निघून जातो. १५ सें.मी.वर तुम्हाला सापडलेला थर्मल न्यूट्रॉन स्रोतापासून तिथपर्यंत भटकत आलेला नसतो. तो वेगवान अवस्थेत तिथवर आला, तिथेच मंद झाला आणि दोन-चार बोटं अंतरात शोषला गेला. थोडक्यात, टाकीतला प्रत्येक बिंदू स्वतःच थर्मल न्यूट्रॉनचा स्रोत आहे. म्हणून दूरवरचा उतार वेगवान न्यूट्रॉन अंतरासोबत घटत जाण्याचा असतो, आणि त्या घटीची लांबी (क्षयलांबी) पाण्यात १० सें.मी.च्या आसपास आहे.

ताडून बघा. मोजणीला अंतराने नाही, अंतराच्या *वर्गाने* गुणा आणि मग लॉग काढा. १० सें.मी. क्षयलांबी आणि अंतराच्या वर्गाने घट धरली, तर १५ सें.मी.जवळ नुसत्या मोजणीचा उतार ०.१ अधिक २/१५, म्हणजे ०.२३ येतो. तुम्ही एकदाच गुणलंत, म्हणून एक १/१५ कमी झाला आणि ०.१६७ उरले. त्याचा व्यस्त ६ सें.मी. हा तुमचा आकडा. दोनदा गुणलंत की १० च्या जवळ याल.

बोरिक अ‍ॅसिडचंही तेच. बोरॉन थर्मल न्यूट्रॉन खातो, वेगवान न्यूट्रॉनच्या वाटेत तो जवळजवळ अदृश्य असतो. म्हणून मोजणी सगळीकडे घटली आणि दूरचा उतार जागेवर राहिला. प्रयोग बिघडलेला नाही, उलट नीट चाललाय.

या मांडणीतून डिफ्यूजन लेंथ काढायचा हट्ट सोडा. त्यासाठी अणुभट्टीचा थर्मल कॉलम किंवा स्पंदित स्रोत लागतो. पण *शोषण* उत्तम मोजता येतं, बोरॉनशी तुलना करून. नैसर्गिक बोरॉन ७६७ बार्न. एका लिटरला १ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड घातलं की दर सेंटीमीटरला ०.००७४७ ची भर पडते. म्हणजे ३ ग्रॅमला बोरॉनचं शोषण पाण्याच्या स्वतःच्या शोषणाइतकं होतं. ०, १, २, ३, ४, ५ ग्रॅम अशा पायऱ्यांनी एकाच जागी मोजा, मोजणीचा व्यस्त उभ्या अक्षावर घ्या, सांद्रता आडव्या अक्षावर. सरळ रेष डावीकडे वाढवली की ती उणे ३ ला अक्ष कापेल. त्यावरून हायड्रोजनचे ०.३३ बार्न निघतात.

आणि तो पीव्हीसी पाइप आजच काढा. पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतं, क्लोरीनचा क्रॉस सेक्शन ३३.५ बार्न. हिशेब केला तर पीव्हीसीचं शोषण दर सेंटीमीटरला ०.४५ येतं, पाण्याच्या वीसपट! ३ मि.मी.ची भिंत सरळ ओलांडतानाच तेरा टक्के थर्मल न्यूट्रॉन जातात, तिरके जाणारे त्याहून जास्त. त्याजागी काळा एचडीपीई पाइप घ्या, शेतात पाण्याच्या लाइनला टाकतात तो. त्यात हायड्रोजन पाण्यापेक्षा वीसेक टक्के जास्त आहे आणि क्लोरीन नाही. अ‍ॅक्रिलिकची पट्टी मात्र चांगली निवडलीत: हायड्रोजनची घनता पाण्याच्या ८५ टक्के, म्हणून न्यूट्रॉनला तिथे पोकळी जाणवत नाही. उद्यमनगरात कुठल्याही राउटरवाल्याकडे हव्या त्या खाचा पाडून मिळतात.

चकती_आणि_डबी

बोरॉन_दहा यांचं बहुतेक सगळं मान्य, पण "एकाच जागी मोजा" इथे एक मोठी चूक होईल. तिचा पुरावा प्रश्नातच आहे.

३ ग्रॅमला मोजणी निम्मी व्हायला हवी ना? इथे १००० लिटरला २ किलो, म्हणजे २ ग्रॅमलाच ती जवळजवळ निम्मी झाली. बोरिक अ‍ॅसिड जास्त पडलेलं नाही, कारण वेगळं आहे. १५ सें.मी.वरचे काही थर्मल न्यूट्रॉन आतल्या, दाट भागातून भटकत तिथे येतात. बोरॉन घातला की तिथे जन्मलेले कमी जगतातच, शिवाय आतून येणारी ही आवकही आटते. दुहेरी मार. १० सें.मी. क्षयलांबी आणि २.८५ सें.मी. डिफ्यूजन लेंथ धरून हिशेब केला, तर १५ सें.मी.वर रेष उणे ३ ऐवजी उणे २.२ च्या आसपास अक्ष कापते. स्रोताच्या जवळ गेलात तर तफावत आणखी वाढते.

उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ. पूर्ण टाकीची बेरीज घ्या. स्रोतातून दर सेकंदाला जितके न्यूट्रॉन थर्मल होतात तितकेच शोषले जातात, मग ते कुठेही भटकोत. म्हणून मोजणी गुणिले अंतराचा वर्ग असा आलेख काढा आणि त्याखालचं क्षेत्रफळ घ्या. त्या क्षेत्रफळाचा व्यस्त सांद्रतेसमोर मांडलात तर रेष उणे ३ लाच जाईल. जवळच्या भागात दर सेंटीमीटरला एक बिंदू, १५ सें.मी.च्या पुढे दर अडीच सेंटीमीटरला एक, असं ३० पर्यंत जा. त्यापलीकडचं शेपूट दुर्लक्ष करण्याइतकं लहान नसतं. शेवटच्या बिंदूवरची किंमत गुणिले क्षयलांबी एवढी भर घाला. क्षयलांबी तुमच्याच आलेखातून घ्या, पुस्तकातून नको. शेवटच्या चकतीपलीकडे २० सें.मी. पाणी हवं, ते तुमच्याकडे आहे.

यात आणखी एक सोय. बोरॉन, हायड्रोजन आणि कॅडमियमच्या उंबऱ्याखाली (ज्या ऊर्जेपर्यंत कॅडमियम न्यूट्रॉन अडवतं तिच्या खाली) बऱ्यापैकी इंडियमसुद्धा, सगळे वेगाच्या व्यस्त प्रमाणात शोषतात. म्हणून सरासरी वेगाची ०.८८६ ची दुरुस्ती दोन्ही बाजूंनी कटते आणि २२०० मीटरचे आकडे थेट वापरता येतात. ऑक्सिजनकडून गमावलेले थोडे वेगवान न्यूट्रॉनही प्रत्येक पायरीत तेवढेच, तेही कटतात.

चकत्यांबद्दल. इंडियमचं अर्धायुष्य ५४ मिनिटं आहे, म्हणून साडेचार तास ठेवलं की संपृक्ततेच्या (चकतीत येऊ शकणाऱ्या कमाल किरणोत्साराच्या) ९७ टक्के मिळतं. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, १४ सेकंद अर्धायुष्याचा भाग विरू द्या. मग प्रत्येक मोजणी एकाच क्षणाला नेऊन दुरुस्त करा. दहा मिनिटांच्या उशिरात बारा टक्के जातात. उघडी चकती आणि कॅडमियमची डबी एकाच खेपेला शेजारी ठेवायची नाही. कॅडमियम आपल्याभोवती थर्मल न्यूट्रॉनचा खड्डा करतं आणि तो खड्डा डिफ्यूजन लेंथइतका, म्हणजे तीनेक सेंटीमीटर पसरतो. डबी स्रोताच्या दुसऱ्या बाजूला किंवा वेगळ्या खेपेला. कॅडमियम विषारी आहे, कानस मारू नका, तापवू नका.

करवीर_भौतिकी

हे सगळं जुळतंय. अंतराच्या वर्गाने गुणून पाहिलं, उतारावरून १०.४ सें.मी. आले. पाइप बदलतो.

दोन शंका राहिल्या. टाकीत पंचगंगेचं नळाचं पाणीच आहे, डिस्टिल्ड नाही. त्याने फरक पडेल का? आणि बोरिक अ‍ॅसिड म्हणून कॅरमची पावडर चालेल का, की लॅब ग्रेडच हवं?

शिरोळची_माती

नळाचं पाणी चालेल. हिशेब असा: लिटरला १०० मि.ग्रॅ. क्लोराइड असेल तर पाण्याच्या शोषणात पाव टक्क्याची भर पडते. बोअरचं खारं पाणी असेल, १००० मि.ग्रॅ.चं, तर अडीच टक्के, आणि मग दुरुस्ती करावी लागेल. समुद्राच्या पाण्याला तर मिठामुळे पन्नास टक्क्यांच्या आसपास शोषण वाढतं.

जाता जाता: मातीतला ओलावा मोजणारा न्यूट्रॉन प्रोब याच तत्त्वावर चालतो आणि इथेच फसतो. प्रोबमधला स्रोत वेगवान न्यूट्रॉन सोडतो, मातीतल्या पाण्याचा हायड्रोजन ते मंद करतो, आणि प्रोब मंद न्यूट्रॉन मोजतो. पाणी जास्त, मोजणी जास्त. पण शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीत क्लोराइड साठलेलं असतं. ते मंद झालेले न्यूट्रॉन खातं आणि प्रोब ओलावा कमी दाखवतो. जमीन पाण्याने तुडुंब आणि वाचन मात्र ऊस पाणी मागतोय असं. म्हणून प्रोब बनवणाऱ्या कंपनीने दिलेला कॅलिब्रेशनचा तक्ता अशा रानात न वापरता त्याच शेतातली माती भट्टीत वाळवून, वजन करून नवी रेष काढावी लागते. बोरॉन जास्त असलेल्या मातीतही तेच.

बोरॉन_दहा

चकती_आणि_डबी यांची दुरुस्ती बरोबर आहे. एका जागेची पद्धत मागे घेतो.

कॅरमची पावडर नको. तिच्यात बोरिक अ‍ॅसिड किती आणि इतर काय, हे डब्यावर भरवशाने लिहिलेलं नसतं, आणि इथे सगळा हिशेब ग्रॅमवर उभा आहे. ९९.५ टक्क्यांचं लॅब ग्रेड घ्या. तरीसुद्धा नैसर्गिक बोरॉनमधलं बोरॉन-१० चं प्रमाण खाणीनुसार किंचित बदलतं, त्यामुळे उत्तरात एक-दोन टक्के अनिश्चितता धरूनच चाला.

पावडर थेट टाकीत ओतली तर ती तळाला बसते, आणि रेष पहिल्या दोन पायऱ्यांतच वाकते. २० अंशांना लिटरभर पाण्यात ४७ ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. म्हणून दर पायरीचं किलोभर आधी बादलीत कडक गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ओता, आणि छोट्या पंपाने अर्धा तास पाणी तळातून वर फिरवा. मग वरचा आणि तळाचा नमुना टायट्रेट करा. नळाच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आड येतं. म्हणून मिथाइल रेड लाल होईपर्यंत सौम्य आम्ल घाला, उकळून गार करा, कॉस्टिक सोड्याने नुकतं पिवळं करा. त्यानंतर भरपूर मॅनिटॉल आणि फिनॉल्फ्थॅलीन घालून मोजा. मॅनिटॉलशिवाय बोरिक अ‍ॅसिड इतकं कमजोर आहे की शेवटचा बिंदू दिसतच नाही. ३ ग्रॅमच्या द्रावणाचे २५ मि.ली. घेतले तर ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा १२.१ मि.ली. लागला पाहिजे. दोन नमुन्यांत फरक आला तर पंप अजून चालवा. नमुना साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या. बोरोसिलिकेट काच टाकीत, चकत्यांजवळ, अजिबात नको. तिची मिलिमीटरभर भिंतसुद्धा तीस टक्के थर्मल न्यूट्रॉन थांबवते.

चकती_आणि_डबी

गॅमा किरण मोजणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर असेल तर आणखी एक स्वतंत्र पडताळा घ्या. टाकीबाहेर ठेवा आणि २.२२ एमईव्हीचं शिखर बघा. हा गॅमा १५ सें.मी. पाण्यात निम्मा होतो, तरी बाहेर भरपूर येतो, आणि तो पूर्ण टाकीची बेरीज आपोआप करतो. स्रोताचा स्वतःचा ४.४४ एमईव्हीचा गॅमा बोरॉनने बदलत नाही. म्हणून दोन शिखरांचं गुणोत्तर घ्या, डिटेक्टर जरा सरकला तरी चालेल. ३ ग्रॅमला ते गुणोत्तर निम्म्याजवळ यायला हवं. २.२२ च्या खाली ४.४४ चा कॉम्प्टन भाग (डिटेक्टरमध्ये अर्धवटच ऊर्जा टाकून गेलेल्या गॅमांचा) पसरलेला असतो, तो दोन्ही बाजूंनी रेष ओढून वजा करा, नाहीतर घट खऱ्यापेक्षा कमी दिसेल. बोरॉनचा ०.४७८ चा गॅमा शोधत बसू नका. पाण्यात तो लवकर विरतो आणि न्यूट्रॉन खाल्लेला बोरॉन फुटून निघालेलं लिथियम उडत असतानाच तो सुटत असल्याने त्याचं शिखर पसरट येतं.

शिरोळची_माती

प्रयोग संपल्यावर ते पाणी कॅम्पसमधल्या झाडांना सोडू नका. ३ ग्रॅमच्या द्रावणात लिटरला ५०० मि.ग्रॅ.च्या वर बोरॉन असतो, आणि द्राक्ष, लिंबूवर्गीय झाडांना लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपासच त्रास सुरू होतो. सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून, ते सांगतील तिथेच सोडा.